पायांइतकीच पोटाचीही तालीम: लांब पल्ल्याच्या सरावातलं खाणं-पिणं

सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. वेग थोडा कमी-जास्त केला तरी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे ६० किलो वजनाच्या धावपटूला ३० किलोमीटरची लाँग रन (सरावातली लांब धाव) १८०० कॅलरींना पडते आणि ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन अडीच हजारांना. आता जमेची बाजू पाहू. कर्बोदकं शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठतात. स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम, लिव्हरमध्ये ८० ते १०० ग्रॅम. ग्रॅममागे चार कॅलरी धरल्या तर सगळा साठा दीड ते अडीच हजार कॅलरींच्या घरात जातो.

कागदावर हिशोब जेमतेम जुळतो, रस्त्यावर जुळत नाही. त्याचं कारण म्हणजे हात-खांद्यांच्या स्नायूंमधलं ग्लायकोजेन पायांना उसनं मिळत नाही. साठ्यातलं ग्लुकोज मोकळं करून रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं ते लिव्हरकडे असतं, स्नायूंकडे नसतं. त्यामुळे स्नायूतला साठा त्याच स्नायूत खर्च होतो. आणि लिव्हरचा साठा सकाळी उठेपर्यंत निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेला असतो, कारण रात्रभर मेंदू त्यावरच चाललेला असतो.

मग चरबीचं काय? तिचा साठा प्रचंड. साठ किलोच्या सडपातळ माणसाच्या अंगावर दहा टक्के चरबी धरली तरी ती सहा किलो होते, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास कॅलरी. अडचण वेगाची आहे. एक लिटर ऑक्सिजन वापरून कर्बोदकांमधून साधारण ५ कॅलरी निघतात, चरबीतून ४.७. शिवाय चरबी हळू जळते. आरामात धावताना निम्मं-अधिक काम ती उचलते, पण मॅरेथॉनच्या वेगाला आलात की बहुतेक भार पुन्हा कर्बोदकांवर येतो. किती धावता यापेक्षा किती वेगाने धावता यावर ग्लायकोजेन संपण्याची वेळ ठरते. पहिले पाच किलोमीटर जोशात पळणाऱ्यांची तिसाव्या किलोमीटरला जी अवस्था होते, तिचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

अचानक बळ संपून पाय थांबण्याला धावपटू ‘वॉल’ म्हणतात, तीही एकच गोष्ट नाही. लिव्हरचा साठा आटला की रक्तातली साखर उतरते. मग चक्कर, घाम सुटणं, उगाच चिडचिड, पुढचा किलोमीटर किती मिनिटांत येईल हा साधा हिशोबही डोक्यात न बसणं असं सुरू होतं. अशा वेळी चालायला लागावं, २०-३० ग्रॅम साखर पोटात घालावी. दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. दुसऱ्या प्रकारात डोकं अगदी स्वच्छ असतं, पण मांड्या ऐकत नाहीत. तिथे स्नायूतलं ग्लायकोजेन संपलेलं असतं आणि ते धावता धावता भरून निघत नाही. अशा वेळी कितीही जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) घेतली तरी गेलेला वेग परत येत नाही. वेग उतरवून घरी पोचणं एवढंच हाती उरतं. म्हणूनच धावतानाच्या खाण्याचा उपयोग थकल्यावर नसतो, थकण्याच्या आधी असतो.

ही माहिती शंभर वर्षं जुनी आहे. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉन संपवून आलेल्या काही धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. जे गळून गेले होते त्यांची साखर बरीच खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं आणि वाटेत गोड गोळ्या खायला लावल्या, तर शेवटी साखरही टिकली आणि माणसंही धडधाकट आली. एवढं असूनही आज बहुतेक जण जेल शर्यतीसाठी राखून ठेवतात आणि सरावात पाण्यावर भागवतात. आमच्या मते लांब पल्ल्याच्या तयारीतली सगळ्यात महागात पडणारी काटकसर हीच. पाय सोळा आठवडे घडवायचे आणि पोटाला मात्र थेट शर्यतीच्या दिवशी कामाला लावायचं, हे चालत नाही.

आधी रोजचं ताट

सरावातल्या खाण्याची सुरुवात जेलने होत नाही, आदल्या दिवशीच्या जेवणाने होते. रिकामं झालेलं ग्लायकोजेन व्यवस्थित खाल्लं तर तासाला साधारण पाच टक्के या गतीने भरतं. म्हणजे पूर्ण भरायला वीस ते चोवीस तास. शनिवारी रात्री अर्धपोटी झोपून रविवारी पहाटे ३० किलोमीटरला निघणारा माणूस निघतानाच तोट्यात असतो.

दिवसाला किती कर्बोदकं हे त्या दिवशीच्या कामावर ठरवावं, रोज एकच माप नको. विश्रांतीच्या किंवा हलक्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे ३ ते ५ ग्रॅम पुरतात. तासाभराच्या सरावाला ५ ते ७ ग्रॅम. दिवसात एक ते तीन तास कसून सराव असेल तर ६ ते १० ग्रॅम. साठ किलोच्या माणसासाठी हा पल्ला १८० ग्रॅमपासून ६०० ग्रॅमपर्यंत जातो. सरावाचा आठवडा वाढतो तेव्हा लोक किलोमीटर वाढवतात, ताट मात्र तेवढंच ठेवतात. तीन-चार आठवड्यांत पाय जड, झोप उथळ, सकाळची नाडी वर. त्याला ‘ओव्हरट्रेनिंग’ (सरावाचा अतिरेक) म्हणून मोकळं होण्याआधी ताट तपासून बघावं.

एक छोटं गणित करून बघा. वजन ६० किलो, चरबी १५ टक्के, म्हणजे चरबी सोडून उरलेलं शरीर ५१ किलो. दिवसाचं खाणं २४०० कॅलरी, धावण्यात गेल्या १०००. उरल्या १४००. भागिले ५१ केलं की येतात किलोमागे जेमतेम २७ कॅलरी. हा आकडा ३० च्या खाली बराच काळ राहिला की शरीर काटकसरीला लागतं. बायकांची पाळी लांबते किंवा बंद होते, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, हाडं ठिसूळ होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडांना पडणाऱ्या बारीक चिरा) येतात, सर्दी-पडसं हटत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून ‘रेड-एस’ असं नाव दिलं. वजन कमी करायचंच असेल तर ते सरावाच्या सुरुवातीच्या, कमी किलोमीटरच्या आठवड्यांत करावं. लाँग रन २५ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर ते डोक्यातून काढून टाकावं.

कोणत्या सरावाला काय लागतं

पाऊण-एक तासाची संथ धाव रिकाम्या पोटी केली तरी बिघडत नाही. रात्री नीट जेवलेला असाल तर पाणी पुरे. इंटरव्हलला (मध्ये दम घेत पळायचे वेगवान तुकडे) आणि टेम्पोला (सलग वेगवान धाव) मात्र आधी खाल्लेलं हवंच. तिथे वेग जास्त, म्हणजे ग्लायकोजेनचा खर्च जास्त, आणि उपाशी माणूस ठरलेला वेग गाठतच नाही. मग सराव झाला असं वहीत लिहिलं जातं, प्रत्यक्षात होत नाही. दीड तासाच्या वरची प्रत्येक धाव ही खाण्याचा सराव करायची संधी समजावी.

रिकाम्या पोटी लाँग रन करून शरीराला चरबी जाळायला शिकवायचं, हा सल्ला फार फिरतो. त्यात तथ्य एवढंच की त्या धावेपुरती चरबी जास्त जळते आणि स्नायूंना जुळवून घेण्याचे काही संकेतही जास्त मिळतात. त्यातून शर्यतीची वेळ सुधारेल याची हमी नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अव्वल दर्जाच्या रेसवॉकरना (वेगाने चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंना) तीन आठवडे जवळपास कर्बोदकांविना, भरपूर चरबीच्या आहारावर ठेवून पाहिलं. चरबी जाळण्याची क्षमता खूप वाढली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि कर्बोदकं खाणारे बाकीचे गट १० किलोमीटरमध्ये सुधारले तरी या गटाची वेळ सुधारली नाही. अनुभवी धावपटूने आठवड्यात एखादी छोटी, संथ धाव उपाशी केली तर हरकत नाही. नवख्यांनी, ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांनी, ज्यांना पूर्वी स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये.

निघण्याआधी

नियम सोपा आहे. जितके तास आधी खाल, वजनाच्या दर किलोमागे तितके ग्रॅम कर्बोदकं, एक तासापासून चार तासांपर्यंत. साठ किलोच्या माणसाने दोन तास आधी खाल्लं तर १२० ग्रॅम. म्हणजे मध्यम आकाराची दोन केळी, ब्रेडचे तीन स्लाइस आणि त्यावर दोन मोठे चमचे मध किंवा जॅम. या ताटात चोथा, तेल-तूप आणि प्रथिनं कमी असावीत, कारण तिन्ही जठर रिकामं व्हायला उशीर लावतात. एरवी चांगला असलेला भरड धान्याचा, सालांचा, कडधान्यांचा आहार या एका जेवणापुरता बाजूला ठेवायचा.

पहाटे साडेचारला निघणाऱ्याने अडीचला उठून खावं असं कोणी म्हणत नाही. अशा वेळी रात्रीचं जेवण भरपूर करावं, निघण्याच्या अर्धा तास आधी एक केळं किंवा तेवढीच काही २५-३० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत आणि धावतानाचं खाणं लवकर सुरू करावं. काही जणांना धावण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी गोड खाल्लं की सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत हातपाय गळाल्यासारखे वाटतात. इन्शुलिन वर गेलेलं असतं आणि त्याच वेळी स्नायूही साखर ओढू लागतात, त्यामुळे साखर क्षणभर घसरते. बहुतेकांना ती जाणवतही नाही. ज्यांना जाणवते त्यांनी तेच गोड अगदी निघताना, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घ्यावं.

कॉफी घेत असाल तर सुमारे एक तास आधी. वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफीन बहुतेकांना पुरतं, आणि त्यात कॅफीनवाल्या जेलचाही हिशोब धरायचा.

धावताना: तासाला किती?

एक ते अडीच तासांच्या धावेला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. अडीच तासांच्या पुढे ९० ग्रॅमपर्यंत. हे आकडे वजनावर फारसे ठरत नाहीत, कारण अडचण स्नायूंची नसून आतड्याची आहे. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज रक्तात जायला एक दार आहे आणि त्या दारातून तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातात. त्याहून जास्त ग्लुकोज ओतलं तर उरलेलं आतड्यात पडून राहतं, पाणी ओढून घेतं आणि मग पोटात मुरडा येतो. फ्रुक्टोजसाठी मात्र वेगळं दार आहे. म्हणून दोन्ही एकत्र घेतले, दोन भाग ग्लुकोज आणि एक भाग फ्रुक्टोज या प्रमाणात, तर ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. जेलच्या पाकिटावर मागे नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेलं असेल तर ते ग्लुकोजच समजा, त्याचीच ती साखळी असते. सोबत फ्रुक्टोजचं नाव असेल तरच ६० च्या वर जायचा विचार करा.

अव्वल धावपटू आता १०० ते १२० ग्रॅमच्या गोष्टी करतात. चार-पाच तासांत मॅरेथॉन करणाऱ्याने त्या वाचून हुरळून जाऊ नये. त्याला ५०-६० ग्रॅम न चुकता, पोट न बिघडवता घेता आले तरी खूप झालं. तेही वाटतं तितकं सोपं नाही.

कसं, ते पाहू. २५ ग्रॅम कर्बोदकांची जेल, तीन तासांची धाव. दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे तासाला दोन, म्हणजे ५० ग्रॅम, असं सगळे धरून चालतात. पण जेल प्रत्यक्षात घेतली जाते ३०, ६०, ९०, १२० आणि १५० व्या मिनिटाला. शेवटच्या मिनिटाला, धाव संपताना कोणी घेत नाही. झाल्या पाच, १२५ ग्रॅम, तासाला जेमतेम ४२. हेच अंतर २५ मिनिटांचं केलं तर २५, ५०, ७५, १००, १२५ आणि १५० व्या मिनिटाला सहा जेल बसतात आणि तासाला खरोखर ५० ग्रॅम होतात. घड्याळात दर २५ मिनिटांचा अलार्म लावून टाकावा. किलोमीटरवर अवलंबून राहू नये, कारण थकल्यावर किलोमीटर लांबतात आणि नेमकी गरज असताना खाणं उशिरा होतं. भूक लागेपर्यंत तर थांबूच नये. धावताना भूक दबलेली असते.

जेल एका घोटात गिळू नका. वेग थोडा उतरवा, दोन-तीन घोटांत मिनिटभरात संपवा, वर साधं पाणी घ्या. २५ ग्रॅम जेल आतड्याला सोसवेल इतकी पातळ व्हायला एकूण ३०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. ते एकदम प्यायचं नाही, पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत घोटाघोटाने. जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक पिणं ही नेहमीची चूक, कारण गोडावर गोड चढतं आणि पोट तुंबतं.

घरी पेय करायचं तर अर्धा लिटर पाण्यात ३५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे, पाव छोट्या चमच्याचं निम्मं मीठ आणि चवीला थोडा लिंबाचा रस. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असल्याने दोन्ही दारं आपोआप वापरली जातात. हे झालं सात टक्क्यांचं पेय. सहा ते आठ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं की जठरातून ते बऱ्यापैकी लवकर उतरतं. चमच्यांवर विसंबू नका, एकदा वजनकाट्यावर मोजा. चमचा शीग लावून भरला की तीन चमच्यांचे सहज पन्नास ग्रॅम होतात आणि पेय दहा टक्क्यांवर जातं. मात्र फक्त या पेयावर तासाला ६० ग्रॅम गाठायचे तर साडेआठशे मिलिलिटर प्यावं लागेल. उन्हात चालेल, थंडीत जास्त होईल. तेव्हा थंडीत जेल आणि थोडं पाणी, उन्हाळ्यात पेय जास्त आणि जेल कमी.

केळी, खजूर, मनुका, उकडलेला बटाटा हेही चालतं. संथ धावेत पोट ते आनंदाने घेतं. वेगात मात्र चावणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही, आणि चोथाही जास्त. तासाला ६० ग्रॅम केळ्यांतून मिळवायचे तर अडीच केळी लागतील.

पोट कसं तयार करायचं

आतडं शिकतं. गोड जास्त येऊ लागलं की ती दारं वाढतात, जठरही भरलेल्या अवस्थेत हलायला सरावतं. दोन आठवड्यांच्या नेमक्या सरावानेही पोटाच्या तक्रारी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पण शर्यतीसाठी आठ-दहा आठवडे हाताशी ठेवावेत. पहिले दोन आठवडे लाँग रनला तासाला ३० ग्रॅम. सगळं सुरळीत असेल तर दर दोन आठवड्यांनी दहा ग्रॅम वाढवायचे. सातव्या-आठव्या आठवड्यात ६० ला पोचता. पोट कुरकुरलं तर एक पायरी खाली या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. जेलची कंपनी, प्रमाण आणि नाश्ता तिन्ही एकदम बदलले तर दोष कोणाचा हे कळणार नाही.

संथ लाँग रनमध्ये पोटाने जेल मुकाट्याने घेतली म्हणून शर्यतीच्या वेगात ती पचेलच असं नाही. वेग वाढला की रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याचा वाटा घटतो. म्हणून शेवटच्या चार-पाच लाँग रनपैकी दोन तरी अशा असाव्यात, ज्यांत अखेरचे ८-१० किलोमीटर शर्यतीच्या वेगाने आहेत आणि त्या तुकड्यातच एक-दोन जेल घ्यायच्या आहेत. खरी परीक्षा तिथे होते. ऊन असेल तर आतड्याचं रक्त आणखी कमी होतं, तेव्हा थंडीत जमलेलं प्रमाण उन्हाळ्यात दहा-पंधरा ग्रॅमने उतरवावं लागू शकतं.

पोटात पाणी डुचमळू लागलं तर समजा जठर रिकामं होत नाहीये. एक तर मिश्रण घट्ट आहे, नाही तर वेग झेपत नाहीये, किंवा तुम्ही आधीच कोरडे पडला आहात. पंधरा-वीस मिनिटं खाणं बंद करा, वेग उतरवा, साध्या पाण्याचे छोटे घोट घ्या, मग अर्ध्या जेलने पुन्हा सुरुवात करा. मुरडा येऊन शौचाला पळावं लागत असेल तर आदल्या संध्याकाळचा चोथा, दूध किंवा नुसतं फ्रुक्टोज जास्त असलेलं काही यांवर संशय घ्यावा. आणि दुखू नये म्हणून लाँग रनच्या आधी आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्यायची सवय असेल तर ती मोडा. धावताना आधीच रक्त कमी मिळणाऱ्या आतड्याच्या अस्तराला ती आणखी इजा करते आणि मूत्रपिंडावरचा ताणही वाढवते.

पाणी आणि मीठ

पाण्याचं प्रमाण दुसऱ्याला विचारून कळत नाही. वजनकाटा वापरा. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. दीड तास धावा, वाटेत काय प्यालात ते मोजून ठेवा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन. समजा ६० चे ५९ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्याला होतात, तर घाम गेला दीड लिटर, तासाला एक लिटर. उन्हात आणि थंडीत वेगवेगळं मोजा, आकडे दुपटीने बदलू शकतात. गेला तेवढा सगळा घाम वाटेतच भरून काढायचा नसतो. वजनाची घट दोन टक्क्यांच्या आसपास राहिली तर ठीक. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरतं.

वजन वाढलेलं मात्र कधीच दिसता कामा नये. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं होतं. धोका सगळ्यात जास्त त्यांना होता, ज्यांचं वजन धावून वाढलं होतं. म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त पीत राहिले होते, आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला होता. डोकं दुखणं, मळमळ, हातापायांना सूज, गोंधळणं ही लक्षणं. कोरडं पडण्याचीही लक्षणं अशीच दिसतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण जिवावर बेततं. संथ धावणाऱ्यांनी वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पेला रिकामा करण्याची गरज नाही.

घामात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपासून २००० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम जातं, इतका माणसामाणसांत फरक. वाळल्यावर टोपीवर आणि बनियनवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुम्ही खारट घामाचे. दोन तासांच्या वर धावायचं तर तासाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम ही बरी सुरुवात. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यावरून हिशोब करता येतो. जास्त पाणी प्यायल्याची भरपाई मात्र मिठाने होत नाही. आणि पेटके आले की लगेच मिठावर खापर फोडू नका. बहुतेक पेटके सरावापेक्षा जास्त वेगाने थकलेल्या स्नायूंचे असतात.

मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर साखर आणि मिठाचे हे आकडे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

परत आल्यावर

दुसरा सराव आठ तासांच्या आत असेल तरच घाई करायची. पहिले चार तास दर तासाला, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं. पुढची धाव दुसऱ्या दिवशी असेल तर तासाभरात नीट जेवलं तरी पुरे, दिवसभराची बेरीज बरोबर असली म्हणजे झालं. सोबत २०-२५ ग्रॅम प्रथिनं. वजन एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, जेवणातल्या मिठासकट. नुसतं पाणी ढोसलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. दोन-तीन तास गोड चघळल्यावर दातांवर साखर बसलेली असते, तेव्हा आल्याआल्या चूळ भरून टाकावी.

रंगीत तालीम

शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधीची सर्वात मोठी लाँग रन ही सगळ्या खाण्याची तालीम. आदल्या दिवशीचं जेवण, पहाटेचा नाश्ता, तीच जेल, ती ठेवायचा कमरेचा तोच पट्टा, तोच अलार्म. शर्यतीआधीचे ३६ ते ४८ तास दिवसाला किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं घेण्याची पद्धत आहे. साठ किलोला ६०० ग्रॅमच्या वर. हे जेवण प्रत्यक्षात बरंच मोठं असतं आणि ते भाज्यांनी भरून निघत नाही. पांढरा भात, ब्रेड, बटाटे, फळांचा रस असं कमी चोथ्याचं खावं, तेल-तूप कमी करून जागा करावी. एका ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे वजन एक-दोन किलोने वाढतं. काट्यावर ते पाहून घाबरून खाणं कमी करणारे बरेच असतात, म्हणून तालमीतच एकदा दिसलेलं बरं. १९६० च्या दशकात आधी काही दिवस कर्बोदकं तोडून साठा रिकामा करायची रीत होती, तिची आता गरज उरलेली नाही.

शर्यतीत टेबलांवर कोणतं पेय मिळणार आहे ते आधी शोधा आणि सरावात तेच प्या. नसेल मानवत तर वाटेत फक्त पाणी घ्यायचं आणि सगळी कर्बोदकं अंगावर बाळगायची. साडेचार तासांच्या मॅरेथॉनला तासाला ५० ग्रॅम म्हणजे २२५ ग्रॅम, २५ ग्रॅमच्या नऊ जेल. त्या पट्ट्यात मावतात का, घामट बोटांनी फाटतात का, हेही तालमीतच कळतं. एक जास्तीची ठेवा, कारण एखादी पडतेच. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घेतलेली जेल पायांपर्यंत पोचायला वेळ उरत नाही, तेव्हा पोट तयार नसेल तर गिळायची सक्ती नाही. गोड पेयाने तोंडात पाच-दहा सेकंद चूळ फिरवून थुंकलं तरी तोंडातल्या संवेदना मेंदूला खबर देतात, आणि तेवढ्या अंतराला ती पुरते.